कुलरच्या खोलीतले अंतराळवीर

मे महिन्यात आमच्या अमरावतीत सकाळचे अकरा वाजले की दारं-खिडक्या बंद. बाहेर पारा ४५ अंशांच्या वर, आत घरात एकच कुलर. म्हणजे कुलरची खोली तीच जेवणाची, तीच झोपण्याची आणि तीच भांडणाची. यंदा अकोल्याहून माझा भाचा चिनू आणि भाची ओवी सुटीला आले होते. अकोल्याच्या उन्हातून अमरावतीच्या उन्हात! आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

पहिला दिवस मजेत गेला. वाळ्याच्या ताट्यांचा गार वास, पत्ते, कैरीचं पन्हं. दुसऱ्या दिवशी पत्त्यांचा कंटाळा आला. तिसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता चिनू ओरडला, "मामा, इले सांग ना, फुटाणे चावू नको म्हणा!"

ओवी कोपऱ्यात बसून फुटाणे खात होती. कुर्रम. कुर्रम. कुर्रम.

"अबे, फुटाणे का कोणी गिळून खाते काय?" आजी म्हणाली. "कायले भांडून राह्यले उगीच?"

"आजी, ती मुद्दाम आवाज करते."

मुद्दाम करत नव्हती, बरं का. दोन दिवसांपूर्वीही ती अशीच खात होती आणि तेव्हा चिनूला ऐकूसुद्धा येत नव्हतं. मग तिसऱ्या दिवशी काय बदललं? फुटाणे तेच, दात तेच. बदललं ते चिनूचं मन. मी त्याला म्हटलं, "गड्या, तुझी तक्रार साधीसुधी नाही. थेट अंतराळवीरांच्या तोडीची आहे!"

मग काय, कुलरचा आवाज जरा कमी केला आणि बसलो गप्पा मारत.

जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक फिरतं. त्यात साधारण सात जण राहतात, बहुतेक वेळा सहा महिने. अकोल्याहून येताना चिनू-ओवी ज्या रस्त्यानं आले, त्याच अमरावती-अकोला महामार्गावर २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा एका दमात, १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला. जागतिक विक्रम झाला त्याचा. तेवढंच अंतर हे स्थानक दहा सेकंदांत कापतं. एवढ्या वेगाच्या गाडीत बसलेल्यांना कंटाळा कसा येईल, असं वाटतं ना? येतो. कारण गाडी कितीही पळाली तरी डबा तोच, डब्यातली माणसं तीच, आणि मधल्या स्टेशनावर उतरून पाय मोकळे करायची सोय नाही.

१९८२ साली सोव्हिएत रशियाचे दोन अंतराळवीर, अनातोली बेरेझोवोई आणि व्हॅलेंतिन लेबेदेव, साल्युत-७ या स्थानकावर २११ दिवस राहिले. बहुतेक वेळ फक्त दोघं. लेबेदेव डायरी लिहायचे. नंतर ती पुस्तकरूपानं छापून आली आणि लोकांना कळलं, की दोन शूर माणसं आठवडेच्या आठवडे एकमेकांवर वैतागलेली होती. मोठं भांडण नाहीच. बारीकसारीक गोष्टी. कधी कधी तर कामापुरतं सोडून बोलणंच बंद! आणि पृथ्वीवरच्या अबोल्यात निदान दुसऱ्या खोलीत जाऊन दार आपटता येतं. तिथं कुठलं दार नि काय!

"म्हणजे फुटाणे तिथंही होते?" ओवीनं विचारलं.

फुटाणे असतील-नसतील, पण प्रत्येकाचे काही ना काही 'फुटाणे' असतातच. कुणी गुणगुणतं, कुणी वस्तू जागेवर ठेवत नाही. घरी आपण ते विसरतो, कारण शाळा असते, मित्र असतात, सायकल असते. हे सगळं काढून घेतलं की उरलेल्या एका गोष्टीवर मन माशीसारखं घोंगावत बसतं.

याच लेबेदेव यांनी तिथं झाडंही वाढवली. मोहरीच्या कुळातलं एक चिमुकलं रोप साल्युत-७ वर फुललं आणि त्यानं बीसुद्धा धरलं. बियांतून पुन्हा बिया, असं अंतराळात पहिल्यांदाच घडलं. मला नेहमी वाटतं, सहकाऱ्याशी बोलणं बंद होतं तेव्हा लेबेदेव त्या रोपाशी बोलत असतील. अर्थात ही माझी कल्पना हं, डायरीत काही असं वाचल्याचं सांगत नाही.

आता दुसरी गंमत. आपल्याकडे दिवसातून सूर्य एकदा उगवतो आणि एकदा मावळतो. स्थानक पृथ्वीभोवती दीड तासात एक फेरी मारतं, म्हणून तिथं २४ तासांत १६ वेळा सूर्योदय होतो. "मग सोळा वेळा दात घासायचे?" इति चिनू. नाही रे बाबा! पण मेंदूचा गोंधळ उडतो, हे खरं. आपल्या मेंदूत एक घड्याळ असतं आणि त्याला चावी देतो प्रकाश. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की घड्याळ म्हणतं, ऊठ. अंधार झाला की म्हणतं, झोप. दर पाऊण तासानं उजेड-अंधार बदलला तर त्या बिचाऱ्यानं करायचं काय?

हे घड्याळ किती फसतं, ते मिशेल सिफ्र नावाच्या २३ वर्षांच्या फ्रेंच तरुणानं स्वतःवरच तपासून पाहिलं. १९६२ साली तो आल्प्स पर्वतातल्या एका गार, अंधाऱ्या गुहेत एकटाच जाऊन राहिला. सोबत घड्याळ नाही, कॅलेंडर नाही. दोन महिन्यांनी, १४ सप्टेंबरला त्याला बाहेर बोलावलं, तर तो म्हणाला, एवढ्यात कसं? त्याच्या हिशेबानं ती २० ऑगस्ट होती! पंचवीस दिवस कुठं गेले, त्याचं त्यालाच कळलं नाही.

म्हणून स्थानकावर सगळे ग्रीनिचचं घड्याळ लावतात आणि खिडकीबाहेर काहीही होवो, त्याच घड्याळाप्रमाणे उठतात-झोपतात. दिवेही खास आहेत. सकाळी निळसर पांढरे, झोपायच्या आधी पिवळट. झोपायला कपाटाएवढी खोली आणि भिंतीला बांधलेली झोपायची पिशवी. बांधली नाही तर माणूस रात्रभर तरंगत कुठंतरी जाऊन धडकायचा. खोलीत पंखा मात्र सुरू हवाच. आपण सोडलेली हवा इथं कोमट असल्यामुळे वर निघून जाते. तिथं वर-खाली असं काही नसतंच, त्यामुळे ती नाकासमोरच साचते आणि डोकं दुखायला लागतं. एवढं सगळं करूनही अंतराळवीरांना सरासरी सहाच तास झोप मिळते. वेळापत्रकात साडेआठ तास लिहिलेले असतात!

झोप कमी झाली तर काय होतं? घरच्या घरी बघा. ३० सेंटिमीटरची पट्टी घ्या. एकानं ती वरून उभी धरायची. दुसऱ्यानं शून्याच्या खुणेपाशी अंगठा आणि बोट उघडं ठेवायचं, पट्टीला लावायचं नाही. पहिल्यानं न सांगता पट्टी सोडायची, दुसऱ्यानं चिमटीत पकडायची. १५ सेंटिमीटरवर पकडली तर तुमच्या मेंदूला सुमारे ०.१७ सेकंद लागले. २० वर पकडली तर ०.२०. पाच वेळा करा आणि सरासरी काढा. आमच्या ओवीची सरासरी सकाळी १६ आली. मग एका रात्री गच्चीवर डासांनी तिला झोपू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सरासरी २३! वर, "मामा, तूच पट्टी नीट सोडली नाही," हे ऐकवलं ते वेगळं. स्थानकावर अशीच परीक्षा लॅपटॉपवर असते. पडद्यावर आकडे पळायला लागले की दाबायचं बटण. अंतराळवीर थकलेला असूनही "मी एकदम ठीक आहे" म्हणू शकतो. बटण दाबायला झालेला उशीर तेवढा लपत नाही.

आता जरा उलटे होऊ या. म्हणजे खरोखरच उलटे. अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. तिथले मल्लखांबपटू १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जाऊन प्रात्यक्षिकं करून आले होते. मल्लखांबावर डोकं खाली, पाय वर करून राहिलं की काय होतं? तोंड लाल होतं, चेहरा फुगतो, नाक चोंदल्यासारखं वाटतं. अंतराळात पहिले काही दिवस असंच होतं, आणि तेही चोवीस तास. कारण शरीरातलं पाणी खाली ओढायला वजनच नसतं, ते वर डोक्याकडे सरकतं. त्यातच कानाच्या आत तोल सांभाळणारे बारीक खडे असतात ना, तेही तरंगायला लागतात. डोळे म्हणतात, 'मी सरळ आहे.' कान म्हणतात, 'मला काहीच सांगता येत नाही.' मेंदू वैतागतो आणि निम्म्याहून जास्त अंतराळवीरांना सुरुवातीला मळमळ होते. घाटातल्या एसटीत चिखलदऱ्याला जाताना होते, तशी.

पण मेंदू भारी हुशार. काही दिवसांत तो 'बरं, इथं खाली नावाचं काही नाही' हे मान्य करून टाकतो. इतकं मान्य करतो, की परत आल्यावर पंचाईत! २०२५ च्या जून-जुलैमध्ये आपले शुभांशू शुक्ला या स्थानकावर जाऊन आले. तिथं पाऊल ठेवणारे पहिले भारतीय. परत आल्यावर एकदा त्यांनी पलंगावर बसून काम केलं, लॅपटॉप बंद केला आणि बाजूला हवेत सोडून दिला. तो तरंगेल म्हणून! अर्थात तो धाडकन खाली. नशीब, जमिनीवर गालिचा होता. अंतराळात आपली नजर आणि बोटं संगणकाच्या पडद्यावर कशी चालतात, हे पाहायचा एक प्रयोगही शुक्ला यांच्याकडे होता. आणि त्यांच्या आधी, १९८४ च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा यांनी साल्युत-७ वर योगासनं करून पाहिली होती. हो, लेबेदेव यांच्या अबोल्याचं तेच स्थानक.

"मामा, पण असं कोंडून राहणारा आपल्याकडचा कोणी नाही का?"

आहेत ना. फक्त ते वर जात नाहीत, खाली जातात. पार खाली, अंटार्क्टिकाला. आपल्या अंटार्क्टिका मोहिमांचा कारभार गोव्यातून चालतो, वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून. 'मैत्री' आणि 'भारती' ही आपली दोन ठाणी तिथं आहेत. तिथल्या उन्हाळ्यात जहाज येतं, मग बर्फ गोठतो, जहाज निघून जातं आणि वीस-पंचवीस माणसं मागे उरतात. मैत्रीवर हिवाळ्यात जवळपास दोन महिने सूर्य उगवतच नाही. बाहेर वादळ, आत तेच चेहरे. म्हणून जायच्या आधी दिल्लीच्या एम्स रुग्णालयात शरीराइतकीच मनाचीही तपासणी होते, आणि मग औलीला बर्फात राहायचं शिक्षण.

अंटार्क्टिकाला जाणाऱ्या पहिल्या दोन भारतीय स्त्रियांपैकी एक आपल्या शेजारच्या नागपुरात जन्मलेली. डॉ. अदिती पंत. समुद्राचा अभ्यास करणाऱ्या. १९८३ च्या डिसेंबरात निघालेल्या तिसऱ्या मोहिमेत त्या आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. त्या मोहिमेत 'दक्षिण गंगोत्री' हे आपलं तिथलं पहिलं ठाणं उभं राहिलं. पुढे २०१६ च्या नोव्हेंबरात इस्रोच्या मंगला मणी भारती ठाण्यावर गेल्या, वय ५६. तेवीस जणांच्या तुकडीत त्या एकट्याच बाई. राहिल्या किती? ४०३ दिवस!

"चारशे तीन?" आजी एवढा वेळ लसूण सोलत होती, ती थांबली. "आन् घरी कोण पाहत होतं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

अशा ठाण्यांवरच्या माणसांकडे अंतराळ शास्त्रज्ञ फार बारकाईनं बघतात. जर्मनीच्या अंटार्क्टिक ठाण्यावर चौदा महिने राहिलेल्या नऊ जणांच्या मेंदूची चित्रं काढली, तेव्हा हिप्पोकॅम्पस या भागाचा एक तुकडा सरासरी ७ टक्क्यांनी आकसलेला दिसला. नवीन जागा आणि वाटा लक्षात ठेवायचं काम या हिप्पोकॅम्पसचं. नवीन वाटाच नाहीत म्हटल्यावर तो तरी काय करणार? आणखी एक गोष्ट काही शास्त्रज्ञांना दिसली. मनाला सर्वात जड जातं ते सुरुवातीला नाही आणि शेवटीही नाही, तर निम्मा काळ उलटून गेल्यावर. 'अजून एवढं राहायचं आहे?' असं वाटतं तेव्हा. सगळ्यांचं असंच होतं असं मात्र नाही, आणि यावर शास्त्रज्ञांचेही वाद आहेत. मला विचाराल तर पटतं. सहामाही संपते आणि वार्षिक परीक्षा दूर असते, तेव्हाचे दिवस आठवा!

मॉस्कोत तर याहून वेगळी तऱ्हा झाली. मंगळाला जाऊन यायला लागेल तेवढा काळ, म्हणजे ५२० दिवस, सहा जणांना बंद डब्यात ठेवलं. जून २०१० ते नोव्हेंबर २०११. मंगळ नाही, रॉकेट नाही, इमारतीच्या आत एक डबा. जसे दिवस गेले तसे ते कमी हलायला लागले, जास्त वेळ पडून राहायला लागले. मेच्या दुपारी आपण लोळतो तसे. एकाच्या मेंदूतलं घड्याळ तर २५ तासांचा दिवस धरून चालायला लागलं. रोज एक तास मागे. थोड्या दिवसांनी इतरांची दुपार ती त्याची मध्यरात्र!

चुका सगळ्या अंतराळवीरांच्याच असतात असं नाही हं. कधी कधी खालचे लोकही चुकतात. १९७३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या स्कायलॅब या अंतराळ स्थानकावर तीन जण गेले. तिघांचीही पहिलीच फेरी. खालून कामांचा नुसता मारा, सुटीच्या दिवशीही काम. ते मागे पडायला लागले, चिडायला लागले. त्यांनी संप केला, अशी गोष्ट पुष्कळ ठिकाणी छापलेली सापडेल. खोटी आहे ती. झालं एवढंच, की ३० डिसेंबरला त्यांनी खालच्या लोकांशी मोकळेपणानं बोलून घेतलं. आम्हाला जेवणानंतर थोडा वेळ आमचा हवा, यादी द्या पण मिनिटामिनिटाचा हिशेब मागू नका. खालच्यांनी ऐकलं. मग काम उलट जास्त झालं. एकूण ८४ दिवस राहून ते परतले.

आता स्थानकावरच्या माणसांना दर आठवड्याला घरच्यांशी बघत-बोलत गप्पा मारता येतात आणि दर दोन आठवड्यांनी मानसतज्ज्ञांशी खासगी बोलणं असतं. खिडकी मात्र सगळ्यांची लाडकी. सात काचांची घुमटी आहे, तिथं बसून पृथ्वी बघायची. काम संपलं की बरेच जण तिथंच सापडतात.

आणि खाणं. नाक चोंदलेलं असतं म्हणून सगळंच बेचव लागतं, त्यामुळे तिखटाला फार मागणी. शुक्ला सोबत गाजर हलवा, मुगाच्या डाळीचा हलवा आणि आमरस घेऊन गेले होते, आणि ते सगळं त्यांनी सोबत्यांना खाऊ घातलं. मूग आणि मेथीला मोड आणायचा प्रयोगही त्यांनी केला. पाव मात्र तिथं नसतो. त्याचे कण हवेत उडून डोळ्यांत आणि यंत्रांत जातात, म्हणून पोळीसारखी मऊ चकती खातात.

"म्हणजे ठेचा चालते," आजीनं निकाल दिला, "पण भाकर नाही चालत. मंग काय मजा?"

टोमॅटोची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. फ्रँक रुबिओ सहा महिन्यांसाठी गेले, परतीच्या यानात गळती झाली आणि राहिले ३७१ दिवस. त्यांनी स्थानकावर टोमॅटो पिकवले. त्यातला एक छोटासा टोमॅटो तरंगत कुठंतरी हरवला. रुबिओ तासन्‌तास शोधत राहिले. बाकीचे चिडवायचे, तूच खाल्लास! ते परत पृथ्वीवर आले तरी त्यांच्यावरचा आळ काही गेला नाही. शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये वरच्या लोकांनी कळवलं, सापडला. सुकलेला. रुबिओ निर्दोष! एका टोमॅटोवर सगळे इतके महिने हसले. हसायला काहीतरी असणं ही तिथं औषधाची गोळी आहे.

हे सगळं झालं घराजवळचं. मंगळ याहून कितीतरी लांब. तिथून निरोप पृथ्वीवर पोचायला, अंतर कमी-जास्त असेल तसं, ३ ते २२ मिनिटं लागतात. म्हणजे "आई, कशी आहेस?" असं विचारून उत्तराची वाट बघायची ती कधी कधी पाऊण तास. गप्पा बंद, नुसती पत्रं. खिडकीतून पृथ्वी दिसेल ती एका चांदणीएवढी. या सगळ्याची तालीम आपल्याकडेही सुरू झाली आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात इस्रोनं लेहच्या उजाड डोंगरात माणसांनी राहायचा एक तंबूसारखा अड्डा उभारला, त्यात मुंबईच्या आयआयटीचाही हात होता.

"मी जाईन," ओवी म्हणाली. "फक्त चिनू नको."

चिनूनं तिच्या पुढ्यातले मूठभर फुटाणे उचलले आणि तिच्याकडे बघत मुद्दाम कुर्रम केलं.

त्याच दिवशी संध्याकाळी स्थानक आमच्या डोक्यावरून जाणार होतं. साडेसातला आम्ही गच्चीवर गेलो. दिवसभर तापलेल्या फरशीवर पाणी मारलं, सतरंजी टाकली. पश्चिमेकडून एक ठिपका निघाला. लुकलुकत नव्हता, आवाज नव्हता, शुक्रासारखा झळझळीत. तीनेक मिनिटं सरळ चालत आला आणि पूर्वेकडे झुकता झुकता मधेच विझला. ढग नव्हता काही. पृथ्वीच्या सावलीत शिरला होता.

"त्यांची रात्र झाली," चिनू कुजबुजला.

"झोपले असतीन आता," आजी म्हणाली.

"नाही आजी. त्यांचं घड्याळ ग्रीनिचचं. आपल्याकडे साडेसात, म्हणजे त्यांच्याकडे दुपारचे दोन वाजले."

आजीनं त्या विझलेल्या जागेकडे जरा वेळ बघितलं.

"मंग जेवले असतीन."